मराठी वाचनालयाची यादी ऑनलाइन आहे, तरी पुस्तक सापडत नाही: सर्च आणि लिंका कशा बांधाव्यात?

प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यातल्या आमच्या मंडळाच्या वाचनालयात साधारण नऊ हजार मराठी पुस्तकं आहेत. त्यांची यादी आम्ही चौघांनी मिळून ऑनलाइन केली. वर सर्च बॉक्स आहे, त्याखाली बारा लिंका आहेत. तरीही सभासद फोन करून विचारतात, ‘अमुक पुस्तक आहे का?’ आणि बहुतेक वेळा ते यादीत असतं. सर्चमध्ये काय चुकतंय? लिंका कोणत्या ठेवाव्यात, कोणत्या काढाव्यात?

उत्तर:

तुमची यादी मी काल रात्री बसून वापरली. आधी ‘बडोदे’ टाकलं. एकही पुस्तक आलं नाही. ‘बडोदा’ टाकलं, एकतीस आली. ‘वडोदरा’ला चार आली आणि त्या चारांतलं एकही आधीच्या एकतिसांत नव्हतं. मग जुन्या छापाप्रमाणे ‘बडोदें’ टाकून पाहिलं, तेव्हा सयाजीरावांच्या काळातली दोन पुस्तकं वर आली, जी तोवर कुठेच दिसली नव्हती. गाव एकच, पण यादीत त्याची तीन कपाटं झाली आहेत आणि एका कपाटातून दुसऱ्याकडे जायला वाट नाही.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात २८ वर्षं कॅटलॉगिंग केलं, त्यातली पहिली बारा वर्षं कार्डांवर. तेव्हा ही वाट आम्ही हातांनी बांधायचो. तिला ‘पाहा’ कार्ड म्हणत. ड्रॉवरमध्ये ‘वडोदरा’ काढलं की एका ओळीचं कार्ड असायचं: ‘वडोदरा: पाहा बडोदा’. दुसरं ‘हेही पाहा’: ‘गायकवाड घराणं: हेही पाहा बडोदा संस्थान, पागा, देवघर’. यादी संगणकावर चढवताना बहुतेक ठिकाणी पुस्तकांची कार्डं टाइप झाली आणि ‘पाहा’ कार्डं रद्दीत गेली, कारण त्यांच्यावर दाखल क्रमांक, म्हणजे रजिस्टरमधला पुस्तकाचा नंबर, नव्हता. माझ्या डोळ्यांदेखत दोन ड्रॉवर असे गेले. ती कार्डं म्हणजे तीस-चाळीस वर्षं काउंटरवर लोकांनी कोणत्या शब्दांत काय मागितलं याची नोंद होती. तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही अर्ध्यांचं उत्तर मला तिथेच दिसतं. सर्च चांगला करायचा म्हणजे ‘पाहा’ कार्डं परत लिहायची. लिंका ठरवायच्या म्हणजे ‘हेही पाहा’ परत लिहायची.

हे काम आपल्या गावाला नवं नाही. सयाजीराव १९०६ साली अमेरिकेत गेले, तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली, आणि १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना इथे बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभं करायला सांगितलं. बोर्डन १९१३ पर्यंत इथे होते. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत गेली असशील तर लोखंडी रॅकमधल्या जाड काचेच्या फरशा पाहिल्या असशील, वरच्या मजल्याचा उजेड खालपर्यंत उतरावा म्हणून बसवलेल्या. खेड्यांत पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरायच्या. १९१२ मध्ये ग्रंथालयांविषयीचं नियतकालिक निघालं तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. तीन भाषांचे वाचक एका काउंटरवर येतात हे इथल्या लोकांनी पहिल्या दिवसापासून धरून ठेवलं होतं. १९३१ च्या ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’त तर कारभारातल्या एकेका संज्ञेसमोर आठ भाषांतले शब्द मांडले आहेत. तुमच्या सर्चच्या पोटात मला असाच एक छोटा कोश हवा आहे, आठ भाषांचा नाही, पण बडोद्याच्या मराठी माणसाच्या बोटांना सुचतील तेवढ्या शब्दांचा.

आता कामाकडे. पहिला नियम आधी सांगते, कारण तो मोडला की पुढचं सगळं वाया जातं: पुस्तकाचं नाव जसं मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर छापलंय तसंच दाखवायचं. ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’ असं छापलं असेल तर तसंच. ते ‘सुधारायचं’ नाही. सुधारणा करायची ती दुसऱ्या कॉलममध्ये, जो वाचकाला कधीच दिसत नाही. त्याला मी ‘शोधरूप’ म्हणते. वाचक जे टाइप करेल त्याचंही तसंच शोधरूप करायचं आणि दोन शोधरूपं एकमेकांशी ताडून पाहायची. तुम्ही आत्ता छापील नाव आणि टाइप केलेला शब्द थेट ताडताय, तिथेच गाडी अडते.

शोधरूपात सगळ्यात आधी हाताळायची ती डोळ्यांना न दिसणारी भांडणं. ‘दुसऱ्या’ हा शब्द घे. यातला अर्धा र काही कीबोर्डवर टिंबाच्या ऱ ला हलन्त लावून येतो, काहींवर साध्या र ला हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह लावून येतो. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत. ‘ॲ’चंही तसंच. एक अखंड अक्षर आहे, जे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाण तक्त्यात, २००८ साली आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम चालवायचे आणि आजही अनेकजण तसंच लिहितात. तिसरं रूप म्हणजे हिंदी कीबोर्डवरचा ए वर चंद्र. युनिकोडचं ठरलेलं प्रमाण-रूपांतर चालवलंस तरी ही रूपं एक होत नाहीत, ती तुलाच एक करावी लागतात. ‘दुःख’मध्ये कुणी विसर्ग देतं, कुणी इंग्रजी कीबोर्डवरचा अपूर्णविराम. सन कुणी देवनागरी आकड्यांत टाकतं, कुणी इंग्रजी. हे सगळं शोधरूपात एका साच्यात आण: ऱ चा र कर, अदृश्य चिन्हं काढून टाक, ॲ ची सगळी रूपं एक कर, नुक्ते (अक्षरांखालची टिंबं) काढ, आकडे एका लिपीत आण.

यावर कुणीतरी हमखास म्हणेल की मग ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एक होतील. होतील. समुद्रावरचं पुस्तक मागणाऱ्याला सह्याद्रीच्या दऱ्यांवरचं एखादं पुस्तकही दिसेल. ते डोळ्याने गाळायला त्याला एक सेकंद लागतो. हवं असलेलं पुस्तक दिसलंच नाही तर मात्र तो काय करणार? उठून निघून जातो. वाचनालयाच्या सर्चमध्ये जास्त दाखवण्याचा दोष मला नेहमी चालतो, कमी दाखवण्याचा चालत नाही. रेल्वेच्या तिकिटासाठी मी वेगळं म्हटलं असतं.

दुसरा थर शुद्धलेखनाचा. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे. तुमच्याकडची निम्मी पुस्तकं त्याआधीची असावीत, असं यादीवरून दिसतं. त्या छपाईत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’, ‘केलें’ असे अनुस्वार जागोजागी आहेत. ह्रस्व-दीर्घ वेगळे आहेत. आजचा वाचक एक लिहितो, जुनं पान दुसरं सांगतं, आणि फोनचा कीबोर्ड तिसरंच सुचवतो. त्यात आपल्याकडची मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातून शिकलेली, त्यांचे ह्रस्व-दीर्घ आणखी वेगळे. म्हणून मी दोन शोधरूपं ठेवते, एक कडक आणि एक सैल. कडकमध्ये वरची न दिसणारी भांडणं मिटवलेली असतात, बाकी शब्द आहे तसा. सैलमध्ये सगळे दीर्घ ह्रस्व करायचे, अनुस्वार गाळायचे, ळ चा ल करायचा, ष चा श करायचा. आधी कडक ताडायचं, जे मिळेल ते वर. मग सैल, ते खाली. त्यामुळे ‘दीन’ टाकणाऱ्याला आधी ‘दीन’ची पुस्तकं दिसतात आणि खाली ‘दिन’ची. ‘होलकर’ टाकणाऱ्याला ‘होळकर’ मिळतात. हिंदी मुलखातून आलेल्या आपल्या इंदूर-ग्वाल्हेरच्या पाहुण्यांच्या फोनवर ळ सहज हाताशी नसतो, त्यांना तो शोधायला लावायचं कारण नाही.

तिसरा थर विभक्तीचा, आणि इथे तयार साधनांवर डोळे मिटून विसंबू नकोस. मराठीत शब्दाला प्रत्यय लागताना मूळ शब्दच बदलतो: बडोदा, बडोद्याचा, बडोद्यातल्या. घोडा, घोड्यांचे. पाणी, पाण्याचा. प्रत्यय कापणारा छोटा कोड तुम्ही लिहाल, तो ‘चा-ची-चे-च्या, ला, ने, त, तील, हून’ कापेल, आणि पहिल्याच दिवशी ‘भारत’चा ‘भार’ आणि ‘संगीत’चं ‘संगी’ करून ठेवेल. माझा तोडगा असा. आधी पूर्ण शब्द तुमच्या शब्दसूचीत आहे का ते पाहा. असेल तर हात लावायचा नाही. नसेल तरच प्रत्यय काढा, आणि उरलेला भाग सूचीत सापडला तरच तो धरा. सामान्यरूपावरून मूळ शब्द ओळखायच्या भानगडीत पडू नका, ‘ण्या’चं मूळ ‘णी’ की ‘णे’ की ‘णा’ हे कोडं सुटत नाही. त्यापेक्षा दोन्हीकडून शेवट छाटून बुंधा ठेवा: बडोदा आणि बडोद्या, दोघांचा बुंधा ‘बडोद’. पुस्तकांच्या नावांतून निघणारे शब्द मोजकेच असतात, एका संध्याकाळी चौघांनी बसून अपवादांची यादी होते.

जाता जाता एक तपासणी करा. काही जुन्या सॉफ्टवेअरना मात्रा आणि हलन्त ही अक्षरं वाटतच नाहीत, ती त्यांना विरामचिन्हं वाटतात. आमच्या ग्रंथालयात एका पुरवठादाराने बसवलेल्या प्रणालीत ‘किल्ला’ टाकलं की शब्दाचे क, ल, ल असे तुकडे व्हायचे आणि अर्धं ग्रंथालय समोर यायचं. आम्ही वर्षभर वाचकांना दोष देत राहिलो की नीट टाइप करत नाहीत. तुमच्या डेटाबेसला ‘किल्ला’ हा एकच शब्द दिसतो ना, एवढं पाहून घ्या. आणि यादीचा काही भाग जुन्या डीटीपी फॉन्टमधून रूपांतर केलेला असेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी जाऊन बसलेली नोंद कुठे आहे का, तेही.

लेखकांची नावं हा सर्वांत फायद्याचा भाग आहे, कारण निम्मे वाचक नावानेच शोधतात. माधव जूलियन हे आपल्या बडोद्यात १८९४ साली जन्मलेले कवी, खरं नाव माधव त्र्यंबक पटवर्धन. लोक ‘जूलियन’, ‘ज्यूलियन’, ‘ज्युलियन’, ‘पटवर्धन’ काहीही टाकतील. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच. बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर या तिन्ही नावांची बाई एकच. पुरुष लेखकांपेक्षा लेखिकांच्या बाबतीत हे अधिक घडतं: माहेरचं नाव, सासरचं नाव, टोपणनाव, आणि पुस्तकं तिन्हींवर विखुरलेली. माझ्या मते ज्या यादीत या बायका आपल्या सगळ्या पुस्तकांसह एका जागी सापडत नाहीत ती यादी अपुरी आहे, मग तिचा बाकी कारभार कितीही सुरेख असो. म्हणून लेखकांचा वेगळा तक्ता करा. प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक, एक प्रमाण नाव, आणि खाली हवी तितकी ‘पाहा’ नावं. पुस्तकाच्या नोंदीत तो क्रमांक जाईल, नाव नाही. आद्याक्षरांतली टिंबं आणि मोकळ्या जागा शोधरूपात काढून टाका, म्हणजे ‘वि. वा.’, ‘वि.वा.’ आणि ‘वि वा’ भांडणार नाहीत.

आता विषय. काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या वाचनालयाला यादी करून देत होते. एक सत्तरीचे गृहस्थ आले. त्यांचे आजोबा संस्थानच्या पागेत कामाला होते, घरात त्यांच्याविषयी बोलताना एका पुस्तकाचा उल्लेख निघायचा. गृहस्थांना नाव आठवत नव्हतं, लेखक आठवत नव्हता. ‘घोड्यांच्या आजारांवरचं आहे, ताई, एवढंच सांगता येईल.’ संगणकावर बसलेल्या मुलाने ‘घोड्यांचे आजार’ टाकलं, काही नाही. ‘घोडा’ टाकलं, एक बालकथा आली. ते उठायला लागले. मी ‘अश्व’ टाकायला सांगितलं, तेही रिकामं. मग ‘शालिहोत्र’, म्हणजे अश्ववैद्यकाचं जुनं नाव. ते पुस्तक होतं, तिसऱ्या कपाटात सगळ्यात खाली, पुठ्ठा सुटलेलं. ते तिथेच उभ्याउभ्या पानं उलटत राहिले. त्या दिवशी घरी जाऊन मी त्या नोंदीच्या विषयकॉलममध्ये घोडा, अश्व, पागा, पशुवैद्यक, जनावरांचे आजार असे पाच शब्द लिहिले. पुस्तकात यातला एकही शब्द मथळ्यावर नाही. अमेरिकन ग्रंथपाल चार्ल्स कटर यांनी १८७६ मध्येच लिहून ठेवलं होतं की लेखक, नाव आणि विषय या तिघांपैकी एखादीच गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्यालाही कॅटलॉगमधून पुस्तक सापडलं पाहिजे. तुमच्या यादीत विषयाचा कॉलम आहे, पण त्यात ‘कादंबरी’, ‘नाटक’, ‘चरित्र’, ‘इतर’ एवढंच आहे. ‘इतर’मध्ये अठराशे पुस्तकं आहेत! सगळं सोडून आधी हे ‘इतर’ फोडा. प्रत्येक पुस्तक हातात घ्या, अनुक्रमणिका पाहा आणि सभासद जो शब्द तोंडाने म्हणेल तो लिहा. चौघांनी दर रविवारी तीस-तीस केली तर पंधरा रविवारांचं काम आहे.

लिपीचा एक मुद्दा खास आपल्या गावाचा. इथली तरुण मंडळी मराठी बोलतात, पण फोनवर गुजराती लिपीत लिहितात. तुमच्या सर्चला त्या अक्षरांचा गंधही नाही. आणि हे दुरुस्त करणं सगळ्यात सोपं आहे. युनिकोडमध्ये आपल्या देशातल्या बहुतेक मुख्य लिप्या ‘इस्की’ या भारतीय संकेताच्या मांडणीवरून एकाच क्रमाने बसवल्या आहेत. गुजराती ‘क’चा क्रमांक देवनागरी ‘क’च्या क्रमांकापेक्षा बरोबर ३८४ ने जास्त आहे. ‘ळ’चाही. काना-मात्रा, अनुस्वार, आकडे, सगळ्यांचा फरक ३८४. वाचकाने गुजराती अक्षर टाकलं की ३८४ वजा करायचे आणि मिळालेला देवनागरी शब्द नेहमीच्या शोधरूपातून पाठवायचा. तीन ओळींचा कोड आहे, आणि त्याने वाचनालयाला एक अख्खी पिढी मिळेल. रोमन लिपी अवघड. तिथे फक्त लेखकांची आणि गावांची नावं ‘पाहा’ म्हणून रोमनमध्ये भरा, बाकी राहू द्या.

काहीच सापडलं नाही तर काय दिसतं, हे तुमच्याकडे मी पाहिलं: ‘नोंद आढळली नाही’. त्या जागी तीन गोष्टी हव्यात. वाचकाने टाकलेला शब्द बॉक्समध्ये तसाच राहू दे, म्हणजे एखादं अक्षर बदलता येईल. जवळचे शब्द लिंक म्हणून दे. आणि एक वाक्य: ‘तुम्हाला काय हवं आहे ते इथे लिहा, आम्ही कपाटात पाहून कळवू.’ हा मजकूर आणि सगळे रिकामे गेलेले शोध एका वहीत जमा होऊ देत, तारखेसह, माणसाच्या नावाशिवाय. महिन्यातून एकदा ती वही उघडायची आणि प्रत्येक शब्दाला विचारायचं: पुस्तक आहे का? असेल तर ‘पाहा’ लिहायचं. नसेल तर तो शब्द खरेदीच्या यादीत. माझ्या अनुभवात सर्च सुधारण्याचं याहून चांगलं साधन नाही.

आता लिंका. बारांपैकी ‘आमच्याविषयी’, ‘उद्दिष्टे’, ‘कार्यकारिणी’, ‘छायाचित्रे’ आणि ‘संपर्क’ या पाच मंडळाच्या आहेत, वाचकाच्या नाहीत. त्या खाली तळाशी एका ओळीत जाऊ देत. वाचनालयाच्या वेळा मात्र वर आणा, लिंकमागे न लपवता थेट मजकूर म्हणून. वर सर्च बॉक्स आणि त्याखाली चारच लिंका पुरतात: लेखक, विषय, नवी पुस्तकं, बडोदा. चौथी लिंक मी मुद्दाम धरते आहे. या गावाविषयीची पुस्तकं जगात दुसऱ्या फार थोड्या ठिकाणी अशी एकत्र मिळतील, ती पुढे काढून ठेवा. ‘बालविभाग’ विषयांत घाला, पण पहिल्या क्रमांकावर. ‘प्रगत शोध’ काढून टाका. सात रकाने भरायला लावणारं ते पान कुणी उघडत असेल असं मला वाटत नाही. त्याऐवजी निकालाच्या बाजूला गाळणी द्या: लेखक, विषय, साल, आणि प्रत्येकापुढे किती पुस्तकं आहेत तो आकडा. आकडा असला की वाचक रिकाम्या खोलीचं दार उघडत नाही. आणि पुस्तक पाहून मागे आला की त्याची गाळणी आणि तो होता ती जागा तशीच राहिली पाहिजे. तुमच्याकडे मागे गेलं की यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तिसऱ्यांदा असं झाल्यावर मी थांबले.

‘लेखक’ लिंकच्या मागे अ पासून ज्ञ पर्यंत अक्षरांची पट्टी लागेल. संगणकाने लावलेला क्रम तसाच ठेवू नका. ‘ॲ’चा अखंड क्रमांक पार शेवटी आहे, त्यामुळे ॲपासून सुरू होणारी नावं ‘ह’च्याही नंतर जातात. ती ‘अ’मध्ये आणा. क्ष आणि ज्ञ संगणकाला क आणि ज मध्ये दिसतात, शाळेत वर्णमाला पाठ केलेला माणूस ते शेवटी शोधतो. दोन्हीकडे दाखवा. ज्या अक्षरावर एकही नाव नाही ते पुसट ठेवा, पण काढू नका, पट्टीचा क्रम डोळ्यांना ओळखीचा राहू दे.

खऱ्या लिंका तर पुस्तकाच्या पानावर असतात. तुमच्या पानावर लेखकाचं नाव आहे, विषय आहे, मालिकेचं नाव आहे, आणि त्यातलं एकही दाबता येत नाही. हे सगळं ‘हेही पाहा’ आहे. लेखकावर दाबलं की त्यांची सगळी पुस्तकं. विषयावर दाबलं की तो विषय. मालिकेवर दाबलं की मालिका, क्रमाने. खाली एक ओळ: ‘कपाटात याच्या शेजारी’, आणि डावीकडची तीन, उजवीकडची तीन पुस्तकं. कपाटासमोर उभं राहून शेजारचं पुस्तक हाती लागण्यातली गंमत यादीत एवढ्याने बऱ्यापैकी आणता येते. कपाट आणि खण मोठ्या अक्षरात लिहा: ‘कपाट ७, खण ३’. वाचकाला शेवटी तिथेच जायचं आहे. लिंकवर ‘इथे क्लिक करा’ लिहू नका, ती कुठे नेते ते लिहा: ‘या लेखिकेची आणखी ११ पुस्तकं’. तुमचे बरेच सभासद साठीच्या पुढचे आहेत आणि फोनवर अंगठ्याने दाबतात, तेव्हा दोन लिंकांमध्ये बोटभर अंतर राहू दे.

शेवटचं, लिंकच्या पत्त्याबद्दल. तुम्ही पत्त्यात पुस्तकाचं मराठी नाव घातलंय. पडद्यावर छान दिसतं. पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवलं की प्रत्येक देवनागरी चिन्हाची टक्क्यांच्या खुणांसह नऊ चिन्हं होऊ शकतात. ‘बडोदा’ या एका शब्दाची ४५. लांब नाव असलेल्या पुस्तकाची लिंक चार ओळींची होते आणि मधे तुटते. शिवाय उद्या नावातली चूक दुरुस्त केली की पत्ता बदलेल आणि आधी पाठवलेल्या सगळ्या लिंका मरतील. पत्त्यात फक्त दाखल क्रमांक ठेवा. तो रजिस्टरमध्ये एकदा पडला की पुस्तक कपाट बदलो, बांधणी बदलो, तो बदलत नाही. कपाटाचा क्रमांक मात्र पत्त्यात चुकूनही नको.

हे सगळं एकदम करू नका. आधी शोधरूप आणि गुजराती लिपी, ते एका आठवड्यात होईल. मग लेखकांचा तक्ता. लिंका त्यानंतर, कारण तक्ता नसेल तर त्या कुठे नेणार? तोवर रिकाम्या शोधांची वही आजपासूनच सुरू करा. महिन्याभराने ती आणि तुमचं दाखल रजिस्टरचं पहिलं पुस्तक घेऊन रविवारी सकाळी माझ्याकडे या. पहिली शंभर ‘पाहा’ कार्डं आपण बसून लिहू.